घरच्या माणसाची जबानी

"आज कुठे जाताय ते खरं सांगितल्याशिवाय ही काठी मिळायची नाही!"

वनमालेने काठी पाठीमागे धरली होती आणि ती दारात अशी उभी होती की माशीसुद्धा पलीकडे जाऊ नये. रविवारची सकाळ. चंद्रप्रकाश इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बगलेत ती जुनी निळी फाईल धरून भिंतीला टेकला होता. उजवा पाय नेहमीसारखा जरा पुढे, जरा वाकडा.

"सांगितलं ना, वनू. अंधेरीला ड्युटी आहे."

"रविवारी? इस्त्रीच्या शर्टात? वॉचमनचा युनिफॉर्म खुंटीवर लटकतोय तो काय मी घालू? मी काय बोळ्यानं दूध पिते? परवा तुमच्या कंपनीत फोन केला मी! रविवारी यांची सुट्टी असते म्हणाले. सात वर्षं, अहो, सात वर्षं तुम्ही माझ्या डोळ्यांत धूळ फेकताय!"

चंद्रप्रकाशने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पदराआडून डोकावणाऱ्या काठीच्या मुठीकडे पाहिलं. ओठ हलल्यासारखे झाले... पण शब्द काही बाहेर आला नाही. या माणसाची ही जुनी खोड! बोलायच्या वेळी नेमकं तोंड मिटायचं.

"राहू दे मग," तो म्हणाला, आणि भिंत धरत, चौकट धरत, तिच्या बाजूने वाट काढून तसाच बाहेर पडला. काठीवाचून!

पंतनगरची ती जुनी म्हाडाची इमारत, तिसरा मजला, लिफ्टचं नाव नाही. वनमालेने दार लोटलं आणि दाराआड कान देऊन उभी राहिली. आधी भिंतीवर तळहात सरकल्याचा आवाज. मग डावं पाऊल. मग उजवं फरफटत. मग थांबणं... मग पुन्हा तळहात. मोजायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं, पण घड्याळ समोरच होतं. खालचा लोखंडी दरवाजा करकरला तेव्हा मिनिटकाटा अकरा घरं पुढे गेला होता. मन एकदा म्हणालंही, जा, धावत जा, दे काठी! पण दुसरं मन म्हणालं, जाऊ दे, तिकडे कुणीतरी हात धरायला असेलच की! तिने काठी पलंगाखाली ढकलली, चपला पायात सरकवल्या आणि त्याच्या मागावर निघाली.

आता खरं सांगायचं तर संशय हा वनमालेच्या संसारात भाडेकरू नव्हता, घरमालकच होता. लग्न जमवलं तिच्या सख्ख्या मोठ्या भावाने, सीतारामने. तो फौजेत हवालदार, चंद्रप्रकाश त्याच पलटणीत नाईक, गाव सोलापूरकडचं, बोलायला कमी आणि कामाला वाघ. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, ती सहा महिन्यांची गरोदर होती, तेव्हा निरोप आला की चंद्रप्रकाशचा पाय चिरडलाय. मिलिटरी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात दादाने तिला बाजूला घेतलं आणि खाली बघत सांगितलं, "वने, काय सांगू तुला... बाजारात गेला होता, पिऊन आला, अंधारात दरीत पडला."

बस्स! या एवढ्या एका वाक्यावर तिने बावीस वर्षं काढली. चंद्रप्रकाशला घरी पाठवलं. नोकरीची वर्षं भरली नव्हती म्हणून साधी पेन्शन नाही, आणि जखमेचा 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा बसला म्हणून अपंगत्वाचीही नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत गेटवर उभं राहण्याची नोकरी त्याने धरली, तिने गारमेंटच्या कारखान्यात शिलाई धरली, प्रबुद्धला वाढवलं, शिकवलं. इकडे दादा मात्र सुभेदार होऊन, मानाने रिटायर होऊन, मुलुंडला छान फ्लॅटमध्ये राहायला आला. मग काय, घरात भांडण कशावरूनही सुरू होवो, संपायचं एकाच ठिकाणी. "दादाकडे बघा! तोही त्याच पलटणीत होता ना? त्याने नाही पाय मोडून घेतला!" चंद्रप्रकाश मान खाली घालायचा. बावीस वर्षांत तो दारूच्या थेंबाला शिवला नाही, आणि वनमालेला वाटायचं, पाप टोचतंय, दुसरं काय!

त्या दिवशी रिक्षाने त्याच्या बसच्या मागे मागे ती विक्रोळीला कन्नमवार नगरात उतरली. चंद्रप्रकाश एका बुद्धविहाराच्या बाजूच्या हॉलमध्ये शिरला. तिने खिडकीच्या जाळीतून पाहिलं. आत प्लास्टिकची टेबलं, कागदांचे ढीग, आठ-दहा वयस्क पुरुष, सगळे ताठ कण्याचे. आणि... आणि एक बाई! पंचेचाळिशीची असेल, सुती साडी, नाकावर चष्मा. चंद्रप्रकाशला बघताच ती लगबगीने उठली, त्याचा कोपर धरला, त्याला खुर्चीत बसवलं, वर काहीतरी रागावली. आणि हा माणूस हसला! घरात ज्याच्या तोंडावर हसू शोधायला दिवा लावावा लागतो, तो हसला! वनमाला तिथूनच माघारी फिरली.

तो घरी आला तेव्हा कुणीतरी त्याला खालपर्यंत पोचवलं होतं. तिने काठी खुंटीला पुन्हा अडकवून ठेवली होती. ती काही बोलली नाही, त्यानेही काही विचारलं नाही. निळी फाईल मात्र त्याच्या बगलेत नव्हती, आणि ही गोष्ट तिच्या लक्षात आली नाही.

बुधवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात तीच बाई, आणि तिच्या हातात तीच फाईल!

"या, या! मी म्हणतच होते, कधी येताय!" वनमालेने कमरेवर हात ठेवले. "ते ड्युटीवर गेलेत. की तुम्हाला ठाऊकच असेल?"

"ठाऊक आहे, म्हणूनच आत्ता आले," बाई शांतपणे म्हणाली. "जय भीम, वहिनी. मी चेतना. भाऊंना कळू न देता तुमच्याशी बोलायचंय."

"भाऊ?"

"चंद्रप्रकाशभाऊ. माझ्या नवऱ्याचे कागद त्यांनीच लिहिले. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. फौजेत कान आणि फुप्फुस दोन्ही गेली होती त्याची. तीन वेळा अर्ज फेटाळला होता. तो गेल्यावर भाऊंनी आणि बाकीच्यांनी अपील लढवलं माझ्यासाठी, आणि तेव्हापासून मीही तिथे बसते लिहायला. वहिनी, पाणी द्याल का? तीन मजले चढून आले."

वनमालेने पाणी दिलं. पण नजर काही ढिली केली नाही हो! गोड बोलणाऱ्या बायका तिने पुष्कळ बघितल्या होत्या. चेतना मात्र पाणी पिऊन सरळ मुद्द्यावर आली.

दर रविवारी तिथे जुने फौजी एकमेकांचे अपंगत्वाचे दावे लिहून देतात. त्यांचे दोन नियम आहेत. कुणी स्वतःचा अर्ज स्वतः लिहायचा नाही, आणि घरच्या माणसाची जबानी घेतल्याशिवाय कागद पुढे पाठवायचा नाही.

"का म्हणून?" वनमालेने विचारलं.

"का म्हणजे? अहो, फौजी खोटारडे असतात!" चेतना हसली. "आमच्याकडे खंडूमामा म्हणून आहेत. पाठीचे दोन मणके सरकलेले. मेडिकल बोर्डासमोर साहेबांनी विचारलं, कसे आहात? यांनी टाच आपटली आणि म्हणाले, 'एकदम फिट, साहेब!' झालं! लिहिलं त्यांनी फिट. वाट लागली केसची. मग मामींना बोलावलं. मामी म्हणाल्या, हा माणूस सात वर्षं आडवा झोपलेला नाही, उशीला टेकून बसून झोपतो. तेव्हा कुठे अपील उभं राहिलं. यांना साहेबासमोर दुखणं सांगायची लाज वाटते. म्हणून दुखणं घरच्या माणसाने सांगायचं."

चेतनाने फाईल उघडली.

"भाऊंनी आतापर्यंत एकोणतीस जणांचे कागद केले. स्वतःचा मात्र कुणाला करू दिला नाही. विचारलं की म्हणतात, माझ्या केसमध्ये दम नाही. रविवारी काठी नव्हती, दोघांनी धरून त्यांना नेलं, त्या गडबडीत ही फाईल तिथेच राहिली. मी वाचली. चूक केली असेल तर माफ करा. पण वहिनी, त्यांचा गुडघा संपलाय. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, घरी बोललेत का?"

"...नाही."

"नाहीच बोलणार! मार्चमध्ये कंपनी त्यांना काढतेय, तेही नसेल सांगितलं. दावा मंजूर झाला तर फौजी दवाखान्यात ऑपरेशन होईल. नाही तर वर्षभरात हा माणूस कायमचा खाटेवर बसेल. मला तुमची जबानी हवी आहे."

वनमालेच्या आत काहीतरी हललं, पण सवय वाईट! ती फणकारली, "काय जबानी देऊ? पिऊन दरीत पडले म्हणून सांगू?"

चेतनाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पिऊन? इथे दारूचा शब्दसुद्धा नाही, वहिनी. हा अपघाताचा अहवाल बघा. इंग्रजीत आहे, मी सांगते. 'नाईक चंद्रप्रकाश हे परवानगीशिवाय सरकारी गाडी स्वतः चालवत होते. वळणावर गाडी उलटली. सोबत बसलेले हवालदार सीताराम यांना इजा नाही. त्यांनी साक्ष दिली.'"

वनमाला हसली. खरंच हसली, कारण तिला तो विनोदच वाटला. "चालवत होते? हे? अहो बाई, यांना सायकल येत नाही! लहानपणी एकदा सायकलवरून बारवेत पडले, तेव्हापासून चाकाला हात लावलेला नाही. मुलाने स्कूटर घेतली तर मागे बसतानाही डोळे मिटून..."

आणि तिथेच तिचं हसू थांबलं.

गाडी चालवता कुणाला येत होती? पलटणीत गाडीवर ड्युटी कुणाची असायची? आजही मुलुंडहून लाल गाडी चालवत कोण येतं? आणि व्हरांड्यात उभं राहून, खाली बघत, पिऊन पडला असं कुणी सांगितलं? गाडीचं नाव काढलं असतं तर तिने त्याच क्षणी ओळखलं असतं, हे कुणाला पक्कं ठाऊक होतं? अरे देवा... बावीस वर्षं तिने संशय घेतला, जागेपणी घेतला, स्वप्नात घेतला, आणि घेतला तो चुकीच्या माणसावर!

"हवालदार सीताराम," ती कशीबशी म्हणाली, "माझा दादा आहे."

चेतनाने फाईल हळूच मिटली.

दुसऱ्या दिवशी वनमाला कारखान्यात खाडा करून मुलुंडला गेली. राधावहिनीने दार उघडलं, "अगं, अशी अचानक?" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. सीताराम सोफ्यावर पेपर वाचत होता. भिंतीवर काचेच्या पेटीत त्याची मेडल्स. या पेटीसमोर उभं राहून वनमालेने प्रबुद्धला किती वेळा सांगितलं होतं, बघ, मामा बघ तुझा!

"दादा, रविवारी कन्नमवार नगरच्या बुद्धविहाराशेजारी यांच्या पायाचा दावा लिहायचाय, म्हणून एकच विचारायला आले. यांना गाडी चालवता येते का?"

पेपर खाली आला. सीतारामचा चेहरा पांढराफटक पडला. तो काहीतरी सारवासारव करील, रागावेल, हाकलून देईल, अशा तयारीने ती आली होती. पण तो म्हातारा सुभेदार दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला.

"त्या दिवशी पुण्यात बाबांचं ऑपरेशन होतं, वने... फोनची लाइन बंद होती पलटणीची. गाडी मागितली, साहेबांनी दिली नाही. मी चावी उचलली. बाजारात एसटीडी बूथ होता, म्हटलं विचारून येतो, बाबा आहेत की गेले. दाजी मला पलटणीत उस्तादच म्हणायचे; म्हणाले, उस्ताद, नको. मी म्हटलं, हुकूम आहे, बस गाडीत! येताना वळणावर..." त्याला पुढे बोलवेना. "मला खरचटलंसुद्धा नाही गं! आणि त्यांना स्ट्रेचरवर घातलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, 'माझा पाय तर गेलाच. तुम्हाला काढलं तर बाबांचा फौजी दवाखाना सुटेल. मुलाच्या नावावर बापाला उपचार मिळतात, जावयाच्या नावावर सासऱ्याला मिळत नाहीत. गाडी मीच चालवत होतो, उस्ताद.'"

बाबा! बाबा त्यानंतर चार वर्षं जगले. अंगणात बाज टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, बेवड्याच्या पदरात पोर टाकली मी! चंद्रप्रकाश कुबडी टेकत त्यांच्यासाठी औषध आणायला जायचा... आणि हे सगळं ऐकत जायचा!

"आणि मला खोटं का सांगितलंस?"

"तू ओळखलं असतंस. बोंब मारली असतीस. मी दाजींना सांगितलं होतं, वनीला असं असं सांगतोय. ते म्हणाले, चालेल... मग मी रोज ठरवायचो, आज सांगू, उद्या सांगू. बाबा गेले, तरी नाही सांगितलं. लाज वाटायची, वने. जेवढा उशीर, तेवढी जास्त लाज!"

राधावहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थिजली होती. "आता इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं ते सगळं?" ती हळूच म्हणाली. "यांच्याच पेन्शनवर गदा आली तर?"

वनमाला उठली. तिने चहाला हात लावला नाही. माहेरच्या घरातून अशी कोरड्या तोंडाने ती आयुष्यात पहिल्यांदा निघत होती.

"दादा, आळ त्यांनी आपणहून अंगावर घेतला, त्याचं मी तुला काही म्हणत नाही. पण बावीस वर्षं मी माझ्या नवऱ्याला बेवडा म्हटलं, तुझ्यासमोर म्हटलं, आणि तू माझ्या घरी बसून माझ्या हातची पुरणपोळी खाल्लीस! त्यातला एक तरी शब्द परत घेता येईल का रे मला?"



परतताना तिने औषधाच्या दुकानातून काठीच्या टोकाचं नवीन रबर घेतलं. जुनं झिजून एका बाजूने पार उडालं होतं. रोज डोळ्यांसमोर होतं ते, पण दिसलं मात्र आज! संध्याकाळी चंद्रप्रकाशची यायची वेळ झाली तशी ती दाराशी थांबली नाही, जिना उतरून खाली निघाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक निळं प्लास्टिकचं स्टूल होतं. तिला वाटायचं, शेजाऱ्यांनी अडगळ टाकलीय. आज त्या स्टुलावर तिचा नवरा बसला होता, डोळे मिटून, गुडघा दोन्ही हातांत घट्ट धरून... शेजाऱ्यांना कळलं होतं. तिला नव्हतं कळलं!

"अहो..."

तो दचकून उठायला गेला. तिने त्याला खांदा धरून बसवलं, काठी घेतली, आणि जिन्याच्या पायरीवर बसून जुनं रबर ओढून काढू लागली. ते काही निघेना.

"गाडी चालवता येते तुम्हाला?" तिने मान वर न करता विचारलं.

खालच्या मजल्यावर कुणाच्यातरी कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना! तुम्ही का नाही सांगितलंत? मी तुम्हाला काय काय बोलले हो... कुत्र्यालाही बोलू नये असं बोलले! एकदा, फक्त एकदा माझ्या मुस्कटात मारून म्हणायचं होतंत, वने, गप्प बस, असं नाही ते!"

"मग तू कुणाकडे बघितलं असतंस?" चंद्रप्रकाश अगदी साध्या आवाजात म्हणाला. "नवऱ्यावरचा तुझा विश्वास तर उडालाच होता. भावावरचाही उडाला असता तर तुला माहेर कुठलं उरलं असतं? प्रबुद्ध पोटात होता. म्हटलं, पोरीला एक तरी जागा राहू दे, मान वर करून जायला."

वनमालेला हुंदका आवरेना! ज्या अंतःकरणाला ती दगड समजत होती ते असं काठोकाठ भरलेलं होतं, आणि तिने कधी ओंजळही पुढे केली नव्हती. तिने त्याच्या त्या वाकड्या पायावर डोकं टेकलं आणि जिन्यातच, लोक बघतील याची पर्वा न करता, ढसाढसा रडली. तो तिच्या केसांवर हात ठेवून नुसता बसून राहिला.

"रविवारी मी येणार तुमच्याबरोबर," ती नाक पुसत म्हणाली. "जबानी द्यायला."

"नाही, वनू. मी सही करणार नाही. ते कागद खरे करायचे तर उस्ताद उघडे पडतात. बावीस वर्षं झाकलं ते काय आता उघडायला?"

आणि पठ्ठ्या आपल्या म्हणण्यावरून हलला नाही. रविवारपर्यंत तिने नाना परींनी समजावलं. गुडघा, ऑपरेशन, मार्च, सगळं मांडून झालं. दर वेळी एकच उत्तर, "बाकी काहीही सांग." रागवावं तरी कसं अशा माणसावर!

तरी रविवारी ती गेलीच. या वेळी काठी तिनेच त्याच्या हातात दिली, नव्या रबराची. हॉलमध्ये खंडूमामांनी उठून तिला खुर्ची दिली. चेतनाने कोरे कागद पुढे ओढले, चंद्रप्रकाशने ते मागे सारले. असं दोनदा झालं. आणि तेवढ्यात दारात सीताराम उभा राहिला.

हा कशाला आला? गप्प करायला? यांच्या पाया पडून पुन्हा एकदा पायच मागायला? संशयाची सवय हो, एका आठवड्यात थोडीच जाते! ती नवऱ्याच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो, वने," सीताराम म्हणाला. अंगावर साधा शर्ट, छातीवर एकही मेडल नाही. टेबलासमोर येऊन तो ताठ उभा राहिला. "माझी साक्ष लिहून घ्या. माजी सुभेदार सीताराम. गाडी मी चालवत होतो. परवानगी मला नाकारली होती. नाईक चंद्रप्रकाश नको म्हणत होते. त्यांना गाडीत बसण्याचा हुकूम मी दिला. ते हुकमावर होते, म्हणजे ड्युटीवर होते. चौकशीत मी खोटी साक्ष दिली."

चंद्रप्रकाश धडपडत उठला. "उस्ताद, कुणाला विचारून आलात? तुमची पेन्शन जाईल, नाव जाईल..."

"जाऊ दे."

"मी सही करणार नाही! माझी केस आहे, माझी मर्जी."

सीतारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज मात्र परेडच्या मैदानावरचा लागला. "नाईक चंद्रप्रकाश! एकदा मी चुकीचा हुकूम दिला, तेव्हा ऐकलात ना? आता बरोबर हुकूम देतोय. सही करा!"

आणि काय सांगावं... त्या मोडक्या गुडघ्याचा माणूस काठी सोडून सरळ उभा राहिला, हात पँटच्या शिवणीला लागले, आणि तोंडातून आपसूक निघालं, "जी, उस्ताद!" पुढच्याच क्षणी त्याचा तोल गेला. सीतारामने त्याला छातीशी धरलं आणि ते दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून लहान पोरांसारखे रडले. "दाजी, माफ करा... मला माफ करा!" एवढंच ऐकू येत होतं.

चेतना चष्मा पुसत होती, तिला अक्षर दिसेना. वनमालेने तिच्या हातातलं पेन घेतलं. भावाची साक्ष तिने आपल्या हाताने, दहावीपर्यंत गिरवलेल्या वळणदार अक्षरात, ओळीवर ओळ लिहिली. 'खोटी साक्ष' या शब्दांपाशी हात क्षणभर अडला, पण तिने ते शब्द गाळले नाहीत. लिहून झाल्यावर तिने कागद दादापुढे ठेवला, आणि त्याची सही होईपर्यंत दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"दादा, दुपारी जेवायला घरी चल," ती म्हणाली. "तिसरा मजला आहे. हळूहळू चढू."

मग चेतनाने नवा कागद घेतला. "अपिलाला उशीर झालाय, बोर्डासमोर पुन्हा जावं लागेल, काय होईल ते आज सांगता येत नाही. पण घरच्या माणसाची जबानी पक्की हवी. भाऊ, त्याआधी तुम्हाला एक विचारते. पाय कसा आहे?"

"तसं काही फार नाही," चंद्रप्रकाश म्हणाला. "चालतंय."

"तुम्ही गप्प बसा!" वनमाला म्हणाली. बावीस वर्षांत हे वाक्य ती हजारदा बोलली असेल, पण असं, मायेने ओथंबून, एकदाही बोलली नव्हती. ती चेतनाकडे वळली.

"लिहा. माझे यजमान दारू पीत नाहीत. त्यांना गाडी चालवता येत नाही, सायकलही येत नाही. आणि पायाचं विचाराल तर..." तिने पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. "गेल्या रविवारी मी त्यांची काठी लपवली होती. तीन मजले उतरायला त्यांना अकरा मिनिटं लागली. मी दाराआड उभी होते. घड्याळ बघत होते. हे सगळं लिहा, चेतनाताई. मी लपवली होती, हेसुद्धा लिहा."